बॉस्टनचा चार्ली, कावेरीची सीवाळी

(दृश्य : नरसिंगपेट्टई. कारागिराचे हात, गवताच्या कांड्या.)

कुंभकोणमजवळचं हे गाव. या कांड्या कोरुक्कै नावाच्या गवताच्या. कांडी कापायची, उकडायची, वाळवायची, दाबून चपटी करायची आणि बुडाशी दोरा आवळून बांधायचा. झाली सीवाळी. सनईला जशी पत्ती, तशी नादस्वरमला, म्हणजे दक्षिणेतल्या लांब सनईला, सीवाळी. ‘झाली’ म्हणालो खरं, पण वादक ती लगेच ओठांना लावत नाही. ओली करून फुंकतो, किंचित तासतो, परत फुंकतो. वाद्याला लोंबणारा तो झुबका पाहा : जादा सीवाळ्या, आणि त्या नीट करायला एक सुई.

(दृश्य : लाकूड कातताना.)

लाकूड आच्चाचं. म्हणजे आपल्या खानदेशातला अंजनच. जुनं घर पाडलं की त्याच्या तुळया कारागीर आवर्जून मिळवतात, कारण मुरलेलं लाकूड तडकत नाही.

या वाद्यापुढे एक अमेरिकन जॅझवाला विद्यार्थी होऊन बसला. नवशिका नव्हता, चांगला नावाजलेला होता.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो.)

चार्ली मरियानो. जन्म १९२३, बॉस्टन, घराणं इटलीहून आलेलं. १९५०च्या दशकात स्टॅन केंटनच्या जॅझ वाद्यवृंदात आल्टो सॅक्सोफोन. या फोटोत पियानोवर तोशिको अकियोशी, त्याची तेव्हाची पत्नी. दोघांची मिळून चौकडी होती. १९६३मध्ये जॅझ बासवादक चार्ल्स मिंगसच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणात त्याचा आल्टो आहे. त्यानंतर बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात तो शिकवायचा.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात तो रेडिओ मलेशियाच्या वाद्यवृंदाबरोबर काम करायला क्वालालंपूरला गेला. तिथल्या तमिळ वस्तीच्या देवळात नादस्वरम कानावर पडला आणि तिथेच शिकणं सुरू झालं. पुढे १९७०च्या दशकात दक्षिण भारतातल्या एका खेड्यात राहून त्याने ते शिक्षण पुढे नेलं.

(दृश्य : रथोत्सव. नादस्वरम आणि साथीचा ढोल, तविल.)

तेव्हा पाश्चात्त्य तबकड्यांवर सतार भुरभुरवायची लाट होती. चार्लीने धरलं ते मात्र उघड्यावर, मिरवणुकीत वाजणारं वाद्य. एवढ्या खणखणीत आवाजाचं, की बंद सभागृहात आपलेच लोक कान झाकतील.

(दृश्य : बोटं, जवळून. आधी सॅक्सोफोन, मग नादस्वरम.)

आता बोटं बघा. सॅक्सोफोनची भोकं पितळी झाकणांखाली, बोट फक्त कळ दाबतं. नादस्वरमला सात उघडी भोकं, बोट थेट लाकडावर. ते जरासं उचललं, तिरकं केलं की षड्जावरून रिषभाकडे सूर घसरत जातो. बाकीचं ओठ आणि फुंकर सांभाळतात. गमक हवी तर हे सगळं एकदम जमावं लागतं. ते पुस्तकात वाचून येत नाही, समोर बसून वाजवणाऱ्या माणसाकडूनच येतं. त्या माणसांची नावं जॅझच्या इतिहासात शोधून पाहा एकदा.

१९७१मध्ये तो युरोपात गेला. बासवादक एबरहार्ट वेबरच्या १९७५च्या ध्वनिमुद्रणात त्याने सनई आणि नादस्वरम दोन्ही वाजवलेत. सनई, हो!

(दृश्य : ‘ज्योती’ तबकडीचं मुखपृष्ठ. मग मैफल.)

१९८३ची ही तबकडी, ‘ज्योती’. मुखपृष्ठावर चार्लीच्या बरोबरीने बंगळुरूच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनचं नाव आहे. गायला आर. ए. रमामणी, मृदंगमवर टी. ए. एस. मणी. घटम म्हणजे मडकं, कंजिरा म्हणजे छोटी डफली, आणि कोन्नक्कोल, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं. आपल्याकडची पढंत, पण वेग बघा!

गंमत अशी, की इथे चार्लीच्या हातात नादस्वरम नाहीच. सॅक्सोफोन आहे, बासरी आहे. पण रमामणींच्या आवाजामागे त्याचा सूर जातो तेव्हा कळांवरची बोटं विसरायला होतं. स्वर सुटे, तुटक येत नाहीत. ओठ आणि श्वासाने त्याने ती घसरण पितळेत आणली आहे.

पुढे ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारे लेबननचे राबिह अबू-खलील यांच्याबरोबरही तो वाजवत राहिला. मुक्काम जर्मनीत, कोलोनला. तिथेच जून २००९मध्ये तो कर्करोगाने गेला.

आता मैफलीचा तुकडा ऐका. मध्ये मी बोलणार नाही.

(मैफलीचा आवाज पूर्ण.)