दहाव्या वर्षीची वाटणी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला विषय दिला होता, जर्मन शिक्षणपद्धतीकडून आपण काय घ्यावं. मी तो जरा वाकडा करून घेतलाय. इथं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात एका कारखान्याच्या ट्रेनिंग वर्कशॉपमध्ये मी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना शिकवतो. त्या अनुभवावरून माझं मत असं झालंय की मुलांच्या बाबतीत या देशाचं एक गणित साफ चुकलंय आणि एक फार छान जमलंय. आपण मराठी आईबाप मात्र चुकलेल्याच्या मागं धावतो आणि जमलेल्याकडं पाठ फिरवतो. आज तेवढंच बोलणार आहे. जेवण तयार आहे हे मलाही दिसतंय.

आधी चुकलेलं. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात चौथीतल्या मुलांचे आईबाप लांबून ओळखू येतात. हातात चिवड्याची ताटली, आणि बोलणं एकच: ‘कोम्पास फिअर’चा, म्हणजे चौथीतल्या सरकारी चाचणीचा, पेपर कसा गेला, बाई काय म्हणाल्या, शिफारस गिम्नाझियुमची येणार की रेआलशुलेची. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी सांगतो. चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते; गिम्नाझियुम म्हणजे विद्यापीठाकडं नेणारी शाळा, रेआलशुले दहावीपर्यंतची. २०१२ पासून या राज्यात शाळेची शिफारस बंधनकारक नव्हती, आईबाप म्हणतील त्या शाळेत मूल जायचं. २०२४ मध्ये नियम पुन्हा कडक झाला. आता गिम्नाझियुम हवं असेल तर शाळेची शिफारस किंवा त्या पेपरचा निकाल, यांपैकी एक तरी बाजूनं लागतं. नाहीतर पोराला आणखी एक चाचणी. पहिल्याच वर्षी गणिताचा पेपर असा काही निघाला की गिम्नाझियुमच्या पातळीला पोचलेली मुलं अगदी मूठभर, आणि राज्यभर ओरड झाली. ते निस्तरलं जाईल. पेपर सोपा करता येतो. मला खटकतं ते मुलाचं वय.

दहा वर्षं! या वयात एखाद्या पोराचं भाषेत डोकं चालतंय की नाही, हे बऱ्याचदा त्याच्या घरी जेवताना काय बोललं जातं यावर ठरतं. आपल्या मुलांना जर्मन शाळेत ऐकून येतं, घरात मराठी. त्यांना दोन वर्षं जास्त मिळाली तर चित्र वेगळं दिसतं, हे इथं बसलेल्या बालवाडीच्या आणि प्राथमिकच्या शिक्षिका माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती दोन वर्षं मिळतातही, तिथं प्राथमिक शाळा सहावीपर्यंत. बाकी देशात चौथी, आणि त्याचं मूळ १९२० च्या कायद्यात आहे. त्याआधी पैसेवाल्यांच्या मुलांना पहिलीपासूनच वेगळ्या शाळा असत. सगळ्यांनी निदान चार वर्षं एका बाकावर बसावं, इथवर त्या वेळी तडजोड झाली. शंभर वर्षांपूर्वीची ती तडजोड अजून चालू आहे.

बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. डिसेंबर २००१ मध्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे पहिले निकाल आले, जर्मनी सरासरीच्या खाली निघाला आणि देशाला धक्का बसला. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे घरच्या परिस्थितीचा मुलाच्या गुणांवर जितका परिणाम इथं दिसला, तितका फार थोड्या देशांत दिसला. मग हाम्बुर्ग राज्यानं ठरवलं, सहा वर्षं एकत्र शिकवू. विधानसभेत सगळे पक्ष एका बाजूला. आणि १८ जुलै २०१० च्या सार्वमतात लोकांनी ते हाणून पाडलं. मोहीम चालवली पालकांनीच, आणि तीही ज्यांची मुलं तशीही गिम्नाझियुमलाच जाणार होती अशा पालकांनी पुढं होऊन. सरकार तयार, शाळा तयार, आडवे आले आईबाप. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा तिथं येणार आहे.

आता जमलेलं. त्यासाठी तुम्हाला माझ्या वर्कशॉपमध्ये यावं लागेल, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. नवीन आत्सुबी, म्हणजे शिकाऊ उमेदवार, आलेले असतात. पायात नवे कोरे सेफ्टी शूज, खिशात मोबाइल, आणि नजर पलीकडच्या काचेआडच्या सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवर. मी त्यांच्या हातात देतो पोलादाचा एक तुकडा आणि कानस. तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासायचा. सरळ घासणं ही जगातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात अवघड गोष्ट आहे. हात जरा डोलला की कडा खाली जातात आणि मध्ये पोट राहतं. मग तुकडा सोडवायचा, पुसायचा, त्यावर गुण्या ठेवून खिडकीकडं धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत व्हाइसमध्ये. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात. कुणीतरी विचारतंच, हे कशाला, मशीन आहे की. मी म्हणतो, मशीनला दहावा भाग मिलिमीटर सांगणारा तू आहेस ना, मग तो केवढा असतो ते आधी हाताला कळू दे.

आपल्यापैकी ज्यांनी आयटीआयला फिटर ट्रेड केलाय ते आता हसतायत. बरोबर आहे, तिथंही सुरुवात याच कानशीनं होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर आयटीआयचं तोंड न पाहिलेली पोरं लेथवर असं काम काढतात की बघत राहावं. म्हणजे हात आपल्याकडंही आहेत, उस्तादही आहेत. फरक हातानंतर सुरू होतो.

इथं त्या पोराशी कंपनीनं लेखी करार केलेला असतो. १९६९ चा व्यवसाय-प्रशिक्षण कायदा त्यामागं उभा आहे. त्याला झाडू मारायला आणि चहा आणायला ठेवून घेता येत नाही, त्या-त्या व्यवसायात काय शिकवायचं हे छापील ठरलेलं असतं. असे मान्य व्यवसाय सव्वातीनशेच्या घरात आहेत. बेकरीपासून बँकेपर्यंत, चष्मे बनवण्यापासून मेकॅट्रॉनिक्सपर्यंत. दोन ते साडेतीन वर्षं शिकायचं. आठवड्यातला एक-दोन दिवस बेरुफ्सशुलेत, म्हणजे व्यवसायशाळेत, बाकी कामावर. पहिल्या महिन्यापासून पगार. २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारांना पहिल्या वर्षी किमान ६८२ युरो, आणि आमच्या धातू उद्योगात त्याहून बरेच जास्त. शिकवणाऱ्यालाही परीक्षा द्यावी लागते. चांगला कारागीर आहे म्हणून कुणी प्रशिक्षक होत नाही.

आणि एक वही. बेरिश्ट्सहेफ्ट. या आठवड्यात काय केलं, काय शिकलो, हे पोरानं स्वतः लिहायचं आणि मी सही करायची. वही पूर्ण नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. पोरं तिला शिव्या घालतात, मीही शुक्रवारी दुपारी ढीग तपासताना घालतो. पण सतरा वर्षांच्या मुलाला आपण काय शिकतोय हे दर आठवड्याला शब्दांत मांडायला लावणारी दुसरी शाळा मी पाहिलेली नाही. शेवटी परीक्षा घ्यायला जे बसतात त्यांत मालकांचे प्रतिनिधी आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं, जोडीला बेरुफ्सशुलेचे शिक्षक. त्यामुळं त्या कागदाला देशभर किंमत आहे. पोरगं आमच्याकडं शिकून उद्या शेजारच्या कंपनीत गेलं तरी तिथं त्याला कुणी ‘हेल्पर’ म्हणत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. आउसबिल्डुंगनंतर, म्हणजे हे प्रशिक्षण संपल्यावर, काही वर्षं काम करून मायस्टर, म्हणजे परीक्षा दिलेला उस्ताद, होता येतं. मायस्टरची पात्रता २०१२ पासून सरकारी चौकटीत सहाव्या पातळीवर आहे, जिथं बॅचलर पदवी आहे तिथंच. मायस्टर झालेल्याला आबिटूर, म्हणजे गिम्नाझियुमची शेवटची परीक्षा, नसताना विद्यापीठात प्रवेश घेता येतो. म्हणजे दहाव्या वर्षी ज्याची वाटणी झाली, त्याला पंचविसाव्या वर्षी दुसऱ्या जिन्यानं वर येता येतं. दहाव्या वर्षीची चूक पुसली जात नाही, पण निदान जन्माची होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षणव्यवस्था पहिल्या नंबरच्या पोरासाठी काय करते ते बघू नये. ते पोर कुठंही तरतं. जे अडखळलं त्याला परत यायला रस्ता ठेवलाय का, ते बघावं.

इथंही सगळं आलबेल नाही. दरवर्षी पाव हिश्शाहून जास्त करार मध्येच मोडतात. एकीकडं कंपन्यांच्या हजारो जागा रिकाम्या, दुसरीकडं विशी ते चौतिशीतली पंचवीस लाखांहून जास्त माणसं कुठलीच व्यवसायाची पात्रता हाती नसलेली. नाव परकं वाटलं की अर्ज बाजूला पडतो, हेही होतं. खोटं कशाला बोला.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, हे जर्मन लोकांचं बरं आहे, आपल्या मातीत हे कुठं. मंडळी, म्युन्शनमध्ये केर्शेनश्टायनर नावाचा शिक्षणाधिकारी होता, कामाशी जोडलेल्या शाळांचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. तो त्या पदावर आला १८९५ मध्ये. त्याच्या तेरा वर्षं आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं निवेदन दिलं होतं. प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान द्या, असं त्यात आहे. आणि शिक्षक कसे हवेत? तर वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराची हत्यारं हाती धरायची लाज न वाटणारे. पुढं भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत काढली, ‘कमवा आणि शिका’ म्हटलं, मुलं राबत होती आणि शिकत होती. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम उभा केला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, माती-रक्ततपासणी असं हातानं करतात आणि गावाची कामंही करून देतात. कल्पना नव्हती असं म्हणायची सोयच नाही. आपण त्या कल्पनांचे पुतळे केले, जयंत्या केल्या आणि पोरांना क्लासला घातलं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक आकडा दिलाय. १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांमध्ये औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेले पाच टक्क्यांपेक्षा कमी, जर्मनीत ७५ टक्के. धोरण म्हणतं सहावीपासून हाताची कामं शिकवा, दहा दिवस दप्तराविना ठेवा. चांगलं आहे. आपल्याकडं अप्रेंटिस कायदा १९६१ चा, म्हणजे जर्मन कायद्याच्याही आधीचा. आयटीआय झालेल्याला महाराष्ट्रात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला. कागदावर जिना आहे. पण २०१९ च्या नियमांत शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना पाच ते नऊ हजार रुपये होतं. पुण्यात खोली घेऊन त्यात राहून दाखवा. त्यामुळं ज्याच्या घरून पैसे येतात तोच शिकतो, बाकीचे कंत्राटी कामाला लागतात. माझ्या मते महाराष्ट्रात सुरुवात करायची असेल तर अभ्यासक्रमापासून करू नये. या रकमेपासून करावी.

आता पुन्हा आईबापांकडं येतो. आपल्यातल्याच एका घरातली गोष्ट, नाव विचारू नका. मुलगा रेआलशुले करून इलेक्ट्रॉनिक्सच्या आउसबिल्डुंगला लागला, चांगल्या कंपनीत, खूश. त्याच्या आईनं गावाकडच्या जावांना काय सांगितलं असेल? ‘कंपनीत इंटर्नशिप करतोय.’ साडेतीन वर्षांची इंटर्नशिप! मुलगा हसत सांगत होता, पण त्याच्या बापाला मी विचारलं तेव्हा त्यानं विषय बदलला. दुसऱ्या एका घरात मुलगी गिम्नाझियुमला सातवीपर्यंत रडत-रखडत गेली, शाळा बदलायचं नाव काढलं की घरात सुतक. बारा वर्षांच्या पोरीला आपल्यामुळं घराची मान खाली गेली असं वाटत होतं. जर्मन व्यवस्थेनं तिला रस्ता ठेवला होता, वाट अडवून आम्ही उभे होतो.

शेवटचा मुद्दा कामाचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि आपल्या या राज्यानं करार केला, सुरुवातीला दहा हजार कुशल तरुण इकडं आणायचे म्हणून. कराराचं पुढं जे व्हायचं ते होईल, पण पोरं स्वतःहून आउसबिल्डुंगच्या व्हिसावर येऊ लागली आहेत. आपल्या गणपतीला या वर्षी चारपाच नवे चेहरे दिसले, ते त्यांतलेच. बी-वन पातळीचं जर्मन करून येतात आणि बेरुफ्सशुलेच्या पहिल्या महिन्यात गडबडतात, कारण तिथं मास्तर बोली जर्मन बोलतो आणि पुस्तकात घटक, सहनमर्यादा, विद्युतरोध असे शब्द येतात. पहिल्या सहा महिन्यांत कुणी हात धरला तर टिकतात, नाहीतर करार मोडतो आणि व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. आणखी एक, गावाकडं तुमच्या ओळखीत कुणी एजंटाला लाखो रुपये द्यायला निघालं असेल तर त्याला थांबवा. कारखान्यातल्या आउसबिल्डुंगची जागा विकत घ्यावी लागत नाही, उलट पगार कंपनीच देते.

कार्यकारिणीशी बोलून आम्ही महिन्यातून दोन शनिवार ठरवलेत. अकरा ते एक, याच हॉलच्या वरच्या खोलीत. नवीन पोरांची बेरिश्ट्सहेफ्ट तपासायला मी असेन. हिशेब-वाणिज्य विषयांसाठी आणि नर्सिंगसाठी माणसं हवी आहेत, इथं निदान सहा नर्स बसल्यात हे मला माहीत आहे. ज्यांची मुलं चौथीत आहेत त्यांनीही या, मुलाला घेऊन या. वर्कशॉप दाखवायची परवानगी मी कंपनीकडून काढली आहे, वीस जणांची एक तुकडी, मुलांना सेफ्टी गॉगल आमच्याकडून. नावं नोंदवायची वही दाराशी वहिनींकडं आहे.