किनाऱ्यावर जाताना तिथी बघा

नमस्कार श्रोतेहो. परीक्षा आटोपल्या की कोल्हापुरातल्या गाड्या कोकणाकडे वळतात. कुणी गगनबावड्याहून उतरतं, कुणी फोंडा घाटातून, तर कुणी आजरा-आंबोली करून. बेत ठरतो तो शनिवार-रविवार पाहून. पण किनाऱ्यावरचे जीव आणि फुलं बघायची असतील तर वार सोडा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा.

दर्यावर्दी माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीड वाजता. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेआठच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा तास मागेपुढे होतो, तेवढा धरून चाला. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा पाणी जसं खूप चढतं तसं खूप ओसरतंही. म्हणून प्रतिपदा ते तृतीया हे दिवस उत्तम: पाणी खोलवर हटलेलं आणि वेळ कोवळ्या उन्हाची. अष्टमीला गेलात तर भांगाची, म्हणजे कमी चढउताराची ओहोटी, तीही भर दुपारी बाराला. पाणी जेमतेम हटतं आणि वाळूवर पाय ठेववत नाही. मालवण, वेंगुर्ल्याला पोचायला चार तास धरा, म्हणजे मुक्काम आदल्या रात्रीच हवा.

वाळूत शिरण्याआधी कडेला थांबा. आपट्यासारखं दुभंगलेलं पान आणि जांभळट गुलाबी कर्ण्यासारखं फूल दिसेल, ती मर्यादवेल. फूल सकाळी टवटवीत असतं, दुपारनंतर मिटून कोमेजतं. वेलीच्या पेरापेराला मुळं फुटतात आणि त्यांत वाळू अडकून राहते. वेल तुटली की वारा वाळू उचलतो आणि टेकाड ढासळतं. तेवढ्यासाठी गाडी रस्त्यावरच ठेवा.

ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली असते. इथे मात्र पाच मिनिटं उकिडवे बसा आणि अजिबात हलू नका. पावलांचा हादरा बसला की सगळे खेकडे बिळात जातात. थोड्या वेळाने नखाएवढा खेकडा वर येतो, नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं सूक्ष्म अन्न वेचतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून सरळ रेषेत चरत जातो, परत येतो, पुन्हा दुसऱ्या दिशेला. त्यामुळे सूर्याच्या किरणांसारखी रांगोळी उमटते. भरती आली की सगळी पुसली जाते, पुढच्या ओहोटीला पुन्हा नवी. किनाऱ्यावर याहून सुंदर काही असेल असं आम्हाला वाटत नाही.

कातळावर जाताना चप्पल नको, जुने कॅनव्हासचे बूट घाला. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात आणि शेवाळावर पाय सटकतो. खळग्यांतल्या पाण्यात समुद्रफुलं असतात. दिसायला फूल, पण तो प्राणी आहे, बोट लावलंत तर मिटून घेतो. दगड उचललात तर तसाच, त्याच बाजूने ठेवा. उलटा राहिला तर खालचे जीव उन्हात वाळून मरतात. जिवंत शंख हातात घेऊ नका, त्यातले काही विषारी डंख मारतात. रिकामेही तिथेच राहू द्या, शंखातल्या खेकड्यांची ती घरं आहेत. आणि पाण्यावर लक्ष असू द्या. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी बाराव्या हिश्शाएवढंच चढतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी चौथा हिस्सा चढतं आणि परतीची वाट बुडते. पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात कातळ सोडाच.

खाडीकाठी मारांडी बघा. पानं काटेरी, फूल निळसर जांभळं आणि त्याला खालचाच ओठ. शेजारच्या तिवराचं पान निरखलंत तर मिठाचे कण चमकतील. झाड नको असलेलं मीठ असं पानावाटे बाहेर टाकतं. चिपीची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात. पहाटे झाडाखाली पांढऱ्या केसरांचा सडा दिसतो. चिखलात उतरू नका, वर आलेली श्वसनमुळं मोडतात. एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवरचे चिलखे, म्हणजे चिखलात चरणारे छोटे पाणपक्षीही दिसतील. हिवाळाभर मातकट असलेल्या काहींची छाती आता विटेसारखी लाल झालेली असते.

वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला कासवांची पिल्लं सोडतात, तेव्हा साधारण चार सेंटीमीटरचा तो जीव लाटेकडे निघतो. आपल्या पावलाचा खड्डा त्याला विहिरीएवढा. म्हणून त्याच्या वाटेवर उभे राहू नका, आणि आधी पावलं पडलेली असतील तर हाताने वाळू सपाट करा. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, उजेडाने पिल्लं दिशा चुकतात. उचलून पाण्यात सोडू नका, त्यांना चालू द्या.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि मीठ घातलेलं कोकम सरबत बरोबर घ्या. दहाच्या आत सावलीत या.