पहिल्या रांगेतली मुलं

24 जानेवारी 1999. कॅलिफोर्नियातलं ॲनाहाइम. रिंगमध्ये कुस्तीगीर मिक फोली. आपल्याकडे ज्यांच्या खिशात डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती-कंपनीचे पत्ते असायचे, त्यांना तो तपकिरी मुखवट्याचा मॅनकाइंड म्हणून आठवेल. दोन्ही हात पाठीमागे बेड्यांत. समोर द रॉक, हातात लोखंडी खुर्ची.

खुर्ची डोक्यात बसते. पुन्हा बसते. हात अडकलेले, त्यामुळे डोकं झाकायची सोय नाही. असे 11 घाव.

आता रिंगच्या बाहेर पाहा. पहिल्या रांगेत फोलीची बायको आणि दोन लहान मुलं. मुलं रडतायत, किंचाळतायत. शेवटी आई त्यांना घेऊन उठते. निकाल आधीच ठरलेला होता. खुर्ची मात्र खरी होती, आणि डोकंही.

हा 'ॲटिट्यूड' काळ. दर सोमवारी रात्री टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूएफचा 'रॉ' आणि प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूचा 'नायट्रो' समोरासमोर असायचे, आणि 80हून अधिक आठवडे सलग 'नायट्रो' पुढे होता. मग डिसेंबर 1997 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक विन्स मॅकमहनने कॅमेऱ्यासमोर येऊन जाहीर केलं, की सज्जन विरुद्ध दुर्जन ही जुनी मांडणी आता बास. त्यानंतर पडद्यावर शिव्या आल्या, रक्त आलं, बायकांनी एकमेकींचे कपडे ओढायच्या कुस्त्याही आल्या.

याच भडकपणाने प्रेक्षक परत आणले, असं आजही म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जानेवारी 1999 मधलीच 4 तारीख घ्या. 'रॉ'चा भाग आधीच चित्रित झाला होता. 'नायट्रो'च्या समालोचकाने खिजवायला म्हणून निकाल फोडला: आज तिकडे फोली विजेता होणार. आणि काही लाख लोकांनी चॅनेल बदललं! कशासाठी? रक्तासाठी नव्हे. एक कान गमावलेला, ढेरपोट्या, आयुष्यभर मार खाल्लेला माणूस पट्टा उंचावताना पाहायला. घरातल्या कुणाहीसोबत बसून बघावा असा तो क्षण होता.

त्यानंतर 20 दिवसांनी त्या खुर्च्या.

जून 2007 मध्ये याच कंपनीचा कुस्तीगीर ख्रिस बेन्वा याने पत्नी आणि मुलाचा जीव घेतला, मग स्वतःचा. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या माराच्या खुणा सापडल्या. 2008 च्या जुलैमध्ये 'रॉ'ला 'पीजी' मानांकन आलं, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली मुलांनीही पाहावा असा कार्यक्रम. 2010 मध्ये डोक्यात खुर्ची मारायला बंदी झाली. जाहिरातदार आणि खेळण्यांचा बाजार हीसुद्धा त्या बदलामागची कारणं होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कारण काहीही असो, डोकी वाचली.

गोष्टी मात्र पुष्कळदा बाळबोध झाल्या, ही चाहत्यांची तक्रार रास्त आहे. फक्त तो दोष लेखनाचा, मानांकनाचा नव्हे. 2019 च्या रेसलमेनियात शेवटची, मानाची कुस्ती तीन बायकांची झाली, आणि तिथे कुणाचे कपडे ओढावे लागले नाहीत.

आता त्या 'पीजी' काळातला एक क्षण: कुस्तीगीर जॉन सीना रिंगकडे येतोय. चित्र बाजूला ठेवून नुसता आवाज ऐका. "लेट्स गो सीना", हा बारीक, उंच सूर मुलांचा आणि त्यांच्या आयांचा. त्यावर लगेच "सीना सक्स", हा जाड आवाज 'ॲटिट्यूड'वर वाढलेल्या पुरुषांचा. पुन्हा मुलं. पुन्हा पुरुष. एकाच छपराखाली, कित्येकदा तर एकाच घरातले, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलेले.