पारावरचं यादीवाचन

(दृश्य: पिंपळाचा पार. चटईवर मतदार यादीचे कागद, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड.)

मतदार यादीत प्रत्येक माणूस एका छोट्या चौकटीत मावतो. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, ओळखपत्राचा नंबर. ही चौकट पुसली गेली की त्या दाराशी यायचं पुढाऱ्याला कारणच उरत नाही. मग रेशनचं गाऱ्हाणं असो की पाण्याचं, ऐकणारा कोण?

मराठवाड्यातल्या गावाची यादी एकट्यानं वाचून होत नाही. तांड्यावर कोण मयत झालं, कोणती लेक सासरी गेली, हे मशिदीच्या पेशइमामांना ठाऊक नसतं. मोमीन गल्लीतली सून बौद्धवाड्यातल्या पोराला ओळखू येत नाही. म्हणून कीर्तनकार महाराज, मौलाना, विहारातले उपासक, आशाताई आणि तांड्याचे नाईक एकत्र बसले, तरच यादी खरी तपासली जाते. बसायचं मात्र पारावर किंवा शाळेत. यादी वाचणं म्हणजे प्रचार नव्हे. पण प्रार्थनास्थळाचा राजकीय वापर रोखणारा कायदा १९८८ पासून आहे, आणि देवळाच्या किंवा मशिदीच्या ओट्यावर बसलं की संशयाला जागा होते. बैठकीत कुणाच्या गळ्यात पक्षाचा गमछा नको, की कुणा उमेदवाराचं नाव तोंडी नको.

(दृश्य: एका ओळीवर ठेवलेलं बोट.)

ही ओळ पाहा. कार्डावर ‘शेख सलीम शेख रहीम’, यादीत ‘सलीम रहीम शेख’. माणूस एकच. आपल्याकडे मुस्लिम घरांत आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा आडनाव आणि बापाचं नाव, अशी रीत आहे. टाइप करणारा ते आपल्या सवयीनं फिरवतो. बायकांच्या बाबतीत हा घोळ दुप्पट होतो: ‘मुमताज बी’ची ‘मुमताज बेगम’ होते, आणि हिंदू घरात लग्नानंतर नाव बदललं तरी जुनं नाव माहेरच्या यादीत तसंच राहतं. किरकोळ चुकीमुळे मतदान नाकारता येत नाही, ओळख पटली की पुरे. तरी मतदानाच्या दिवशी रांगेत वाद घालण्यापेक्षा आधीच आठ नंबरचा फॉर्म भरावा. दुरुस्ती, पत्ताबदल, नवं कार्ड, दिव्यांगाची नोंद, सगळं त्याच एका फॉर्मवर होतं. नवं नाव सहा नंबरवर, वगळणं सात नंबरवर.

सात नंबरचा फॉर्म डोळ्यांत तेल घालून पाहायचा. त्याच मतदारसंघातला कुणीही मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो. कुणाच्या नावावर हरकत आली, त्याची यादी लागते; ती रोज बघायला एक माणूस नेमावा. नोटीस देऊन म्हणणं ऐकल्याशिवाय असं नाव काढता येत नाही. खोटं प्रतिज्ञापत्र देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. निकाल विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील. एखाद्या गल्लीतल्या दहा-वीस नावांवर एकदम हरकती आल्या, तर त्या गल्लीबाहेरच्या माणसांनी सोबत सुनावणीला जावं. शेजारचा दुसऱ्या धर्माचा माणूस ‘हा इथंच राहतो’ म्हणतो, तेव्हा त्याला वजन येतं.

(दृश्य: कुलूप लावलेलं घर, अंगणात उभी रिकामी बैलगाडी.)

बीडच्या धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी भागात घराघराला अशी कुलपं लागतात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी, म्हणजे एकेक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर जातात. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी, तपासणीला येतो, कुलूप बघतो आणि ‘स्थलांतरित’ लिहितो. यादीत वगळलेल्या नावापाशी कारणाचं अक्षर असतं: ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार. ऊसतोड्याच्या नावापुढे एस पडणं चूकच आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्पष्ट सांगतं की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्यानं गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. हे कलम कागदावर लिहून बीएलओच्या हाती द्यावं आणि सोबत टोळ्यांची यादी, टोळी नेणाऱ्या मुकादमाचं नाव, कारखाना.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, ऐन हंगामाच्या तोंडावर. ऊसतोड मजुराला टपाली मत नाही. मतदानाची पगारी सुट्टी कायद्यानं रोजंदारीच्या मजुरालाही आहे, पण तोडीचा हिशोब टनावर होतो आणि खाडा मजुराच्याच अंगावर बसतो. म्हणून गाडीचं भाडं आणि खाड्याचा हिशोब मुकादमाकडून आधीच ठरवून घ्यावा. उमेदवाराच्या गाडीतून मतदार आणणं हा भ्रष्ट आचार आहे, तो मार्ग नको.

पालावर, म्हणजे कापडी झोपडीत, राहणाऱ्या पारधी कुटुंबाकडे घराचा कागद नसतो. कागद नसला तरी नाव लागतं. बीएलओनं रात्री येऊन माणूस तिथंच झोपतो हे पाहायचं असतं, तेही एकाहून जास्त वेळा. त्या रात्री गावातलं कुणीतरी पालावर हजर असावं. बाहेरचा माणूस अंधारात आला की लोकांना पोलीस आल्याचीच भीती वाटते, आणि पाल रिकामं होतं.

(दृश्य: परातीत भंडारा. कॅमेरा जवळ.)

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. मतदानाच्या आदल्या रात्री पैसे वाटले जातात आणि घेणाऱ्याकडून बेल-भंडारा उचलून घेतात, म्हणजे मताची शपथ घ्यायला लावतात. मुस्लिम घरात कुराणावर हात ठेवायला सांगतात. मत गुप्त आहे हे बाईला पक्कं माहीत असतं, तरी शपथ मोडली तर लेकराला काही होईल, या धास्तीनं ती तेच बटण दाबते. देवाच्या कोपाची भीती घालणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (२) खाली गैरवाजवी दबाव आहे. लाच देणं आणि घेणं दोन्ही गुन्हे आहेत. पण हे वकिलानं सांगून भीती जात नाही. महाराज, मौलाना आणि भंतेजींनी एकाच पारावर बसून सांगावं की जबरदस्तीनं घेतलेली शपथ बांधत नाही, पाप घेणाऱ्याचं नाही, शपथ घालणाऱ्याचं आहे. त्यांनी मत कुणाला द्यायचं हे मात्र सांगायचं नाही. धर्माच्या नावावर मत मागणं कलम १२३ (३) खाली येतं, आणि त्यात मतदाराचा धर्मही धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं.

मतदानाच्या दिवशी गटानं केंद्रापासून १०० मीटरच्या बाहेर थांबावं. बुरखा किंवा पदर घेतलेल्या बाईची ओळख महिला कर्मचारी पाहते. तशी नेमणूक करा, हे आधीच तहसीलला लेखी कळवावं. यंत्रावर बटण दाबलं की चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. बायकांना हे आधी सांगून ठेवा, घाई करू नका म्हणावं. आपलं मत आधीच कुणी टाकून गेलं असेल तर घरी परतू नये. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागावं. ते कागदावर देतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. मोजणीत ते साधारणपणे धरत नाहीत, पण पुढे कोर्टात तोच पुरावा.

मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात. मतदाराच्या वयाच्या पात्रतेच्या चार तारखांपैकी एक १ एप्रिल आहे. जानेवारी, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख या बाकीच्या तीन. फडावर असताना १८ पूर्ण झालेली पोरं-पोरी तेव्हा गावात असतात. पार झाडून घ्यायचा आणि सहा नंबरचे फॉर्म काढून ठेवायचे.