चारही चाकांचा घेर

नमस्कार श्रोतेहो.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी पट्टी चढवतात, तिला आपल्याकडे धाव म्हणतात. लोहार ती लालभडक तापवायचा, चाकावर बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा, की आवळून घट्ट बसायची. पण भट्टी पेटवायच्या आधी तो चाकाचा घेर मोजून घ्यायचा. मी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या गाडीला टायर घेतले तेव्हा हे मोजायचं काम केलं नाही. माप सारखं होतं ना, 235/75 आर 15, मग झालं, असं वाटलं. पुढचे दोन टायर पार घासले होते, ते नवे टाकले. मागच्यांवर अजून नक्षी होती. दोन टायरचे पैसे वाचवले म्हणून घरी थोडी फुशारकीही मारली.

नंतरच्या पावसाळ्यात भोरहून वरंध घाटात चाललो होतो. एका वळणावर दरड येऊन गेलेली, रस्त्यावर लाल चिखल. गिअरच्या दांड्याशेजारचा खटका फोर-हायमध्ये टाकला, म्हणजे चारही चाकांना ताकद दिली, गाडी मस्त निघाली. पुढे डांबरी लागली आणि खटका मागे घ्यायचं मी विसरलो. आठेक किलोमीटर गेलो असेन. स्टिअरिंग जड लागायला लागलं. वळणावर गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडायची. चहाच्या टपरीपाशी थांबून खटका ओढला, तर जागचा हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही.

टपरीवर एक म्हातारे ड्रायव्हर बसले होते. त्यांनी उठायचेही कष्ट घेतले नाहीत. म्हणाले, “रिव्हर्स टाका आणि सरळ मागं घ्या, दहा-बारा फूट.” घेतली. खालून ‘खट्ट’ असा आवाज आला आणि खटका लोण्यासारखा सुटला. मग ते उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या टायरच्या नक्षीत नख घातलं, मागच्या टायरच्या नक्षीत घातलं, आणि एवढंच म्हणाले, “पुढं नवं, मागं जुनं. गाडी भांडणारच की हो.”

भांडण कसलं, ते आकड्यांत बघू. या मापाच्या नव्या टायरचा घेर भरतो साधारण 2,304 मिलिमीटर. नक्षी 6 मिलिमीटर झिजली की त्रिज्या 6 ने कमी होते आणि घेर जवळजवळ 38 ने घटतो. म्हणजे एका किलोमीटरला नवा टायर 434 फेऱ्या मारतो, तर जुना 441. फक्त सात फेऱ्यांचा फरक. पण शंभर किलोमीटरला तो सातशेच्या वर जातो.

टू-व्हीलमध्ये, म्हणजे दोनच चाकांना ताकद जाते तेव्हा, या सात फेऱ्यांचं कुणाला सोयरसुतक नसतं, कारण पुढचा आणि मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीचा आस, एकमेकांना बांधलेले नसतात. खटक्याच्या जुन्या पद्धतीच्या गाडीत फोर-हाय टाकलं की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी, दोन्ही ॲक्सलकडे जाणारे प्रोपेलर शाफ्ट एकत्र जखडते. मग पुढच्या-मागच्या चाकांना एकाच वेगाने फिरावंच लागतं. चिखलात, मुरमात एखादं चाक जरा घसरतं आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरीवर घसरायला जागाच नाही. तो ताण शाफ्टमध्ये, गिअरच्या दातांत पीळ घालत साठत जातो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यामुळे चारही टायर सारखे असले तरी डांबरीवर फोर-हाय नकोच. माझ्या गाडीत तर सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ भरत होता. गाडी मागे घेतली तेव्हा तो उलगडला.

ज्या गाड्यांना खटका नसतो, चारही चाकांना ताकद आपोआप जाते, त्यांच्या मालकांनी तर जास्त जपावं. तिथे पुढच्या-मागच्या फिरण्यातला फरक सांभाळायला क्लचच्या चकत्या किंवा घट्ट तेलाची जोडणी असते. थोड्या वेळापुरतं घसरायला बनवलेली ती वस्तू असमान टायरमुळे दिवसभर घसरत राहते, तापते आणि शेवटी जळते. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना सुबारू ठाऊक असेल. ती कंपनी चार टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. तिकडे एकच टायर फाटला तर नवा टायर यंत्रावर तासून जुन्यांच्या मापाला आणतात. नवाकोरा टायर पैसे देऊन तासून घ्यायचा! आपल्याकडे कुणी असं केलं तर घरचेच त्याला तासतील.

मग आपण काय करायचं? पैसे असतील तर चारही एकदम, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. ‘एकाच मापाचे’ एवढंच पुरत नाही. दोन कंपन्यांच्या टायरवर तोच आकडा छापलेला असतो, पण घेर थोडा वेगळा भरू शकतो. आणि हायवेची बारीक नक्षी पुढे, मोठ्या गोट्यांचा चिखलाचा टायर मागे, असली खिचडी करू नका. ओल्या डांबरीवर ब्रेक मारल्यावर दोघांची पकड वेगवेगळी असते, आणि ते घाटउतारावर कळलेलं बरं नव्हे. पैसे नसतील तर निदान एका ॲक्सलवरची जोडी तरी सारखी ठेवा. एका ॲक्सलवर लहानमोठे टायर असले तर डिफरन्शियलमधले, म्हणजे वळणावर आतल्या-बाहेरच्या चाकाला वेगवेगळं फिरू देणाऱ्या पेटीतले जे छोटे गिअर वळणापुरते फिरायचे, ते सरळ रस्त्यावरही फिरत बसतात.

खरी बचत टायर फिरवण्यात आहे. आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे, आणि स्टेपनी त्याच मापाची असेल तर तीही फेरीत घ्या. पाचही सारखे झिजतात. नाहीतर स्टेपनी मागच्या दाराला नवरीसारखी नटून बसते, आणि पंक्चर झाल्यावर नेमकी तीच तीन जुन्यांच्या संगतीला जाते.

ट्रॅक्टरवाल्या श्रोत्यांचं मात्र गणित निराळं. फोर बाय फोर ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान असतात आणि मुद्दामच जरा जास्त वेगाने फिरवलेली असतात, साधारण एक ते पाच टक्के, म्हणजे नांगरटीत ती गाडी ओढतात. पुढचे टायर झिजले आणि मागे नवे टाकले की ही आघाडी जाते. पुढची चाकं ओढायचं सोडून मागच्यांना अडवायला लागतात. उलट केलंत, मागचे झिजके आणि पुढचे नवे, तर आघाडी वाढते आणि नव्या टायरच्या गोट्या भराभर खाल्ल्या जातात. ऊस घेऊन डांबरीवर जाताना पुढचा ॲक्सल चालूच ठेवणाऱ्यांचे टायर बघा, गोट्यांना करवतीसारखे दात पडलेले असतात.

आता घरी करून बघण्यासारखं एक काम सांगतो. सपाट जागा घ्या. चारही टायरमध्ये हवा भरून घ्या, कारण कमी हवेचा टायर बसतो आणि माप चुकतं. टू-व्हीलमध्येच, टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने रेघ मारा. कुणाला तरी गाडी हळू, सरळ पुढे घ्यायला सांगा आणि रेघ दहा वेळा खाली येऊ द्या. मग गवंड्याचा टेप लावून अंतर मोजा. चारही चाकांचं असं मोजा. मी मोजलं तेव्हा पुढच्या-मागच्यात सव्वा फूट निघाला. शेजारी गॅलरीतून बघत होते, गाडी चोरीला गेली होती की काय म्हणून विचारायला खालीही आले. त्यांच्या हातात टेपचं दुसरं टोक दिलं.