वर्तुळाला मंजुरी कोण देतं?

मंडळी, कार्मेल नावाच्या गावापासून सुरुवात करतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहराला उत्तरेकडून लागून हे गाव आहे. वस्ती लाखभर, म्हणजे आपल्याकडे 'अ' वर्ग नगरपरिषद असावी एवढं. १९२० च्या दशकात तिथल्या मुख्य चौकात स्वयंचलित सिग्नल लागला. त्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या सिग्नलांपैकी तो एक. त्याच गावात आज दीडशेच्या आसपास राउंडअबाउट, म्हणजे मधल्या गोल बेटाभोवती वळून जायचे बिनसिग्नलचे चौक आहेत, आणि सिग्नल थोडेच उरले आहेत.

हे घडवणारे जिम ब्रेनर्ड व्यवसायाने वकील. शिकायला इंग्लंडात असताना त्यांनी तिथले वर्तुळाकार चौक पाहिले होते. १९९६ साली ते महापौर झाले, पुढच्याच वर्षी गावात पहिला राउंडअबाउट आला, आणि २०२३ अखेरपर्यंत लोकांनी त्यांना सलग सात वेळा निवडून दिलं. धोरणाला एवढं लांब आयुष्य मिळालं, हे या गोष्टीतलं मोठं भाग्य. पण मी त्यांचं नाव घेतो ते दुसऱ्याच कारणासाठी.

गावाच्या मधून कीस्टोन नावाचा रस्ता जातो. तो राज्याचा होता. गावाला चौक बदलायचे होते, पण ज्याचा रस्ता त्याची परवानगी. २००७ मध्ये गावाने राज्याशी करार करून तो रस्ताच आपल्या ताब्यात घेतला, आणि त्यासोबत राज्याकडून नऊ कोटी डॉलर घेतले. मग मुख्य रस्ता खाली उतरवला, आडवे रस्ते वरून नेले, आणि वर दोन वर्तुळं एकमेकांना जोडून भुईमुगाच्या शेंगेसारखा आकार दिला. चौक कसा असावा हे ठरवण्याआधी चौक कोणाचा हे ठरवावं लागलं. आपल्याकडेही एकाच चौकात एक रस्ता महापालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तिसरा राष्ट्रीय महामार्ग असतो, आणि या सगळ्यांवर वाहतूक शाखेचं ना हरकत पत्र लागतं. एवढ्या सह्या गोळा करताना मूळ आराखड्यातलं काय काय गळून जातं, ते इथे बसलेल्या अभियंत्यांना सांगायला नको.

मी नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. एका गावाच्या बाह्यवळणावरच्या चौकात आम्ही मधोमध गोल बेट बांधलं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, सगळं रीतसर. नकाशात बेटाचा व्यास होता, हिरवळ होती, कारंजं होतं. येणारा रस्ता चौकाच्या तोंडाशी किती रुंद असावा, गाडीला तिथे किती वळावं लागावं, याची एक ओळ नव्हती. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून यायचे. पहिल्याच हंगामात मागची ट्रॉली कठड्यावर चढली. दुचाकीवाले वेग न उतरवता कडेने निघून जायचे. एका मुलाचा पाय गेला. ती फाइल मी विसरू शकलेलो नाही, कारण तिच्यात चुकीची सही एकही नव्हती.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत आलोय: मंजुरी बेटाला देऊ नका, तोंडाला द्या. राउंडअबाउटचं सगळं काम त्याच्या तोंडाशी चालतं. आत येणारी गाडी थोडी वळवायची, म्हणजे तिला वेग उतरवावाच लागतो. एकपदरी राउंडअबाउटचा आराखडा तपासताना चालक जास्तीत जास्त सरळ जाऊ शकेल अशी रेघ नकाशावर मारतात आणि तिच्यावरून वेग काढतात. तो तासाला ३० ते ४० किलोमीटरच्या घरात आला पाहिजे. जास्त येत असेल तर नकाशा परत. तोंडाशी रस्ता दुभागणारं छोटं बेट हवं, म्हणजे पायी माणूस एका वेळी एकाच दिशेची वाहतूक बघून ओलांडतो. पादचारी पट्टा थांबण्याच्या रेघेच्या एक गाडीभर मागे हवा. आणि मधल्या बेटाभोवती किंचित उंच, खडबडीत फरसबंदी हवी, तिच्यावर लांब गाडीचं मागचं चाक चढून जाईल. आमच्या त्या ट्रॉलीला एवढंच हवं होतं.

दुसरी गोष्ट नियमाची. ब्रिटनमध्ये वर्तुळाकार चौक १९६६ च्या आधीही होते, आणि गर्दी वाढली की ते गच्च जाम व्हायचे, कारण बाहेरची गाडी आत घुसायची आणि आतलीला बाहेर पडता यायचं नाही. फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने प्रयोगांतून दाखवलं की येणाऱ्याने उजवीकडच्याला, म्हणजे वर्तुळात असलेल्याला, वाट दिली की गाठ सुटते. नोव्हेंबर १९६६ पासून तो तिथला नियम झाला. आपल्याकडे १९८९ च्या रस्ता नियमांतही मुख्य रस्ता नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या, असंच लिहिलेलं होतं. त्यामुळे नियम नव्हता ही सबब आपल्याला नाही. पण तोंडाशी जमिनीवर रेघ नसेल, फलक नसेल, आणि बाहेर पडायच्या वाटेवरच रिक्षा थांबा दिलेला असेल, तर तो नियम चालकाला दिसणार कुठे?

आता पुतळ्यांबद्दल, मनापासून आणि आदराने बोलतो. आपल्या चौकाच्या मध्यभागी श्रद्धास्थान असतं. जयंतीला हजारो माणसं तिथे हार घालायला येतात, रोज कुणी दिवा लावायला येतो. राउंडअबाउटचं बेट मात्र अशी जागा आहे, जिथे माणसाने चालत जाऊच नये म्हणून ती आखतात. बेटावर मुद्दाम उंचवटा करून झाडी लावतात, म्हणजे लांबून पलीकडचा सरळ रस्ता दिसत नाही आणि चालक आपोआप पाय सैल करतो. या दोन गोष्टी एका जागी नांदू शकत नाहीत. फ्लोरिडात क्लिअरवॉटरच्या समुद्रकिनारी १९९९ मध्ये राउंडअबाउट झाला, मधोमध मोठं कारंजं. वाऱ्याने पाणी काचांवर उडायचं, अपघात होत राहिले, शेवटी कारंजं काढावं लागलं. सार्वजनिक रस्त्यांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये दिलेला आहे. मला वाटतं, महापुरुषांचा मान त्यांना चौकाच्या कडेला, सावली असलेल्या, बसायला बाकं असलेल्या प्रशस्त जागेत जास्त राखला जाईल. आज्जीला नातवाचा हात धरून तिथे सुखाने जाता आलं पाहिजे.

कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्याने २०१३ मध्ये एक साधी अट घातली. राज्य महामार्गावरच्या चौकात सिग्नल किंवा 'थांबा' असा फलक बसवायचा असेल तर राउंडअबाउटचाही विचार करून तुलना कागदावर आणा. सक्ती राउंडअबाउटची नाही, तुलनेची आहे. आपल्या अंदाजपत्रकाला असं एक पान जोडायला फार खर्च येणार नाही. त्या पानावर अडचणीही प्रामाणिकपणे लिहाव्यात. दुपदरी वर्तुळात दृष्टिहीन माणसाला आवाजावरून मोकळी जागा ओळखता येत नाही, म्हणून अमेरिकेने २०२३ च्या नियमांत अशा पट्ट्यांवर पादचाऱ्यांसाठी खास सोय बंधनकारक मानली. आणि प्रचंड गर्दीच्या चौकात, जिथे एका रस्त्याचा लोंढा कधी तुटतच नाही, तिथे वर्तुळ हट्टाने लादू नये.

लोक काय म्हणतील? आधी ते विरोधच करतील. अमेरिकेतल्या तीन ठिकाणी चालकांना विचारलं, तेव्हा बांधकामाआधी ३१ टक्के बाजूने होते, आणि बांधून झाल्यावर ६३ टक्के. तिथल्याच २४ चौकांच्या अभ्यासात राउंडअबाउट केल्यावर जखमी करणारे अपघात ७६ टक्क्यांनी घटले. पण मंजुरीचा ठराव येतो तो ३१ टक्क्यांच्या दिवशी. त्या दिवशी सभागृहात कुणीतरी अभियंत्याने उभं राहून, वेगाची ती रेघ मारलेला नकाशा भिंतीवर लावून, नगरसेवकांना आणि चौकातल्या दुकानदारांना नीट समजावून सांगावं लागतं. माझ्या त्या बाह्यवळणाच्या सभेत मी मागच्या रांगेत बसलो होतो, आणि बोललो नव्हतो.