वरातीत वाजलेलं गाणं पॉडकास्टमधून का काढतात?

नमस्कार मंडळी. सांगलीतून बोलतोय, विश्रामबागेतल्या आमच्या खोलीतून. मागं माझं डीजेचं कन्सोल दिसतंय, आणि त्याच्या शेजारी वडिलांचा कॅसेटचा खोका. त्यातली एक कॅसेट आज दाखवायला लागणार आहे, म्हणून तो इथं आणून ठेवलाय.

आधी हा मेल बघा. (फोन कॅमेऱ्याजवळ धरतो.) गेल्या श्रावणात मी पॉडकास्टचा एक भाग टाकला होता. ५८ मिनिटं, १९ गाणी, मधेमधे माझं बोलणं. तिसऱ्या दिवशी भाग काढून टाकला गेला. कारण कॉपीराइट. मला ते फार लागलं, कारण त्यातलं एकही गाणं मी फुकटात उतरवलेलं नव्हतं. १८ गाणी पैसे मोजून घेतलेली. आणि ज्या एकोणिसाव्या गाण्यावरून तक्रार आली, ते तर त्या लेबलनं, म्हणजे गाणं काढणाऱ्या कंपनीनं, स्वतःच मला प्रमो म्हणून, म्हणजे प्रसिद्धीसाठी डीजेला देतात ती प्रत म्हणून, पाठवलं होतं.

त्या रात्री जुने मेल उघडून बसलो. प्रमोच्या मेलमध्ये अगदी तळाला दोन ओळी होत्या: लाइव्ह वाजवायला हरकत नाही, पॉडकास्टमध्ये किंवा डाउनलोड होणाऱ्या मिक्समध्ये वापरू नये. मी तिथपर्यंत कधी गेलोच नव्हतो. तुमच्याकडेही असे प्रमो येत असतील तर आज एकदा तळापर्यंत वाचा. बरीच लेबलं ही अट घालतात.

आता आपल्या पोरांचा नेहमीचा प्रश्न. हळदीला वाजवतो, वरातीत वाजवतो, तिथं कोणी अडवत नाही, मग मोबाइलवर टाकलं की काय बिघडतं?

वरातीत चालतं, कारण कायद्यानंच तिथं सूट दिलीय. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीत गाणं वाजवणं हे उल्लंघन धरलेलं नाही, आणि लग्नाची वरात, लग्नाशी जोडलेले समारंभ यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाकडच्या विभागानं जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं, की लग्नसमारंभातल्या गाण्यांसाठी रॉयल्टी मागू नये. आवाजाची मर्यादा आणि पोलिसांची परवानगी हा वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही.

पण ही सूट त्या मांडवापुरती. तासगावच्या लग्नात वाजलेलं गाणं तिथंच विरतं. पॉडकास्टसाठी तुम्ही काय करता? गाण्याची नक्कल करता, ती तुमच्या नव्या रेकॉर्डिंगमध्ये मिसळता, आणि ती फाइल जगात कुणालाही, कधीही मिळेल अशी ठेवता. कायद्याच्या कलम १४ प्रमाणं ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे जे हक्क आहेत, त्यातले मुख्य हेच. म्हणजे एका अपलोडमध्ये आपण त्याच्या मुख्य हक्कांना हात घालतो. गाणं विकत घेताना आपण ऐकायचा हक्क घेतलेला असतो, वाटायचा नाही. डीजेंना गाणी पुरवणाऱ्या रेकॉर्ड पूलची वर्गणी भरणाऱ्यांनाही हेच लागू. तिथं वाजवायला फाइल मिळते, अपलोड करायची मुभा मिळत नाही. आणि पीपीएल, म्हणजे लेबलांच्या वतीनं वाजवण्याचे परवाने देणारी संस्था, तिचं लायसन्स हॉटेल, हॉल, कार्यक्रम अशा ठिकाणी वाजवण्यासाठी असतं. ते भिंतीवर लावलं म्हणून पॉडकास्ट सुटत नाही.

रेडिओवाले कसे वाजवतात, असंही विचारतात. २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम ३१-ड आलं. त्यामुळं प्रसारण करणाऱ्या संस्थेला ठरलेली रॉयल्टी भरून गाणी वाजवता येतात, मालक नाही म्हणू शकत नाही. इंटरनेटवर गाणी देणाऱ्या विंक या कंपनीनंही हाच आधार घेऊन पाहिला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं टिप्स या लेबलच्या विंकविरुद्धच्या खटल्यात सांगितलं की हे कलम रेडिओ आणि टीव्हीपुरतं आहे, इंटरनेटवरच्या डाउनलोडला आणि स्ट्रीमिंगला नाही. २०२२ मध्ये खंडपीठानंही तेच कायम ठेवलं. एवढी मोठी कंपनी जिथं अडली, तिथं आपण ‘माझा पॉडकास्ट म्हणजे रेडिओच’ असं म्हणून भागणार नाही.

आता खोक्याकडं येतो. (कॅसेट उचलतो, आतला कागद उलगडतो.) हा कागद बघा. इथं कोपऱ्यात गोलात ‘सी’ आहे, आणि त्याच्याजवळ गोलात ‘पी’. ‘पी’च्या पुढं नाव आहे तो रेकॉर्डिंगचा मालक. ‘सी’ कागदावरच्या चित्राचा, मजकुराचा. ॲपवर गाण्याच्या माहितीतही हा ‘पी’ सापडतो. परवानगी मागायची तर पहिलं दार हे.

पहिलं म्हणतोय, कारण दुसरंही आहे. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, आणि स्टुडिओत झालेलं रेकॉर्डिंग ही दुसरी. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. ते १९४५ मध्ये गेले. कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे २००६ पासून त्यांच्या लावण्यांचे शब्द सर्वांसाठी मोकळे आहेत. पण तीच लावणी परवा एखाद्या गायिकेनं स्टुडिओत गायली, तर ते रेकॉर्डिंग मोकळं नाही. त्यावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं निर्मात्याचा हक्क. चाल नवी बांधली असेल तर संगीतकाराचाही. त्याच तालुक्यातले, वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. उलट मिरजेत राहिलेले गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क कधीच संपलाय. त्या रेकॉर्ड कुणाच्या घरी माळ्यावर असतील तर जपा. डीजे मिक्समध्ये तो आवाज किती खोल उतरतो हे मी करून बघितलंय.

पुन्हा लेबलकडं. मी सुरुवातीला चिडलो होतो, पण मधे एक गोष्ट घडली. कवठेमहांकाळकडचा एक पोरगा आहे, हलगी वाजवतो आणि त्यावर स्वतःचे बीट बसवतो. त्याचा एक ट्रॅक कुणीतरी दोन तासांच्या मिक्समध्ये पूर्ण वापरला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नाव न सांगता. तो मिक्स गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. त्याच्याच गल्लीतल्या गणपतीला तो वाजला, आणि वाजवणाऱ्याला माहीत नव्हतं की हे समोर उभ्या असलेल्या पोराचं आहे. तो माझ्याकडं आला तेव्हा म्हणाला, ‘दादा, आता माझं गाणं विकत कोण घेणार? सगळ्यांकडं आहेच की.’ त्या दिवशी लेबलच्या त्या दोन ओळी मला वेगळ्या दिसल्या. पूर्ण गाणं, स्वच्छ आवाजात, डाउनलोड होणाऱ्या फाइलमध्ये गेलं की विक्री मारली जाते. आणि गाणं बाजारात यायच्या आधीच प्रमो मिक्समध्ये फुटला तर महिन्याची मेहनत जाते.

तरी माझं मत सांगतो. सरसकट ‘नाही’ हे बरोबर नाही. डीजेमुळं गाणी पोचतात, हे लेबललाही माहीत आहे, नाहीतर त्यांनी प्रमो पाठवलेच नसते. आणि मधला रस्ता निघू शकतो. मिक्सक्लाउड या साइटवर मिक्स फक्त ऐकता येतो, उतरवता येत नाही, आणि त्यातलं गाणं ओळखून मालकाला पैसे जातात. ॲपलनं २०२१ मध्ये शझाम या गाणी ओळखणाऱ्या ॲपच्या तंत्रानं मिक्समधली गाणी ओळखून मूळ मालकांना पैसे द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानं इंटरनेट रेडिओला परवाना दिला, पण अटी घालून: ३ तासांत एका कलाकाराची ४ पेक्षा जास्त गाणी नाहीत, एका अल्बममधली ३ पेक्षा जास्त नाहीत. डाउनलोड होणारा पॉडकास्ट त्यातही बसत नाही. पण नियम लिहिलेला आहे, माणसाला कळतं कुठं थांबायचं. आपल्या मराठी लेबलांनी असं एक पान लिहून ठेवलं तरी पुष्कळ होईल.

‘३० सेकंदांपर्यंत चालतं’ हे डोक्यातून काढा. असा आकडा कायद्यात नाही. खाली गायकाचं नाव लिहिलं म्हणजे परवानगी होत नाही. पिच वरखाली करून युट्यूबला चकवायचं म्हणाल, तर कंटेंट आयडी ही त्यांची गाणी ओळखणारी यंत्रणा २००७ पासून हेच काम करतेय. तिथं क्लेम, म्हणजे मालकाचा दावा, आला तर बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे मालकाला जातात, एवढंच. स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला जाणं, मात्र वेगळी. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्या की चॅनेल बंद होऊ शकतं.

मग करायचं काय, तर विचारायचं. कलम ३० प्रमाणं परवानगी लेखी हवी, म्हणून फोनवर ‘हो रे, वाजव’ म्हटलेलं धरू नका. मी पाठवतो तो मेल वाचून दाखवतो.

‘नमस्कार. मी सांगलीचा डीजे आहे. तुमच्या अमुक गाण्यातली दीड मिनिटं माझ्या पॉडकास्टच्या एका भागात वापरायची आहेत. वर माझं बोलणं असेल. गाण्याचं आणि कलाकाराचं नाव तोंडानं सांगेन. डाउनलोड बंद ठेवेन. भागात जाहिरात नाही. शब्द आणि चालीचे हक्क तुमच्याकडं नसतील तर कुणाकडं आहेत ते कळवावं.’

बस, इतकंच. १९ जणांना पाठवला. ७ जणांनी हो म्हटलं, तिघांनी नाही, बाकीच्यांचं उत्तरच नाही. उत्तर नाही म्हणजे नाही असंच मी धरतो. श्रावणातला तो भाग आता ७ गाण्यांचा झालाय आणि उरलेल्या जागेत मिरजेतल्या सतारमेकरांच्या गल्लीत रेकॉर्ड केलेले आवाज आहेत. भोपळा तासताना, तारा जुळवताना. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिथं जायचं मनात होतं. कारागिरांकडूनही कागदावर सही घेतलीय.

आणि त्या हलगीवाल्या पोरालाही मेल केला, ओळख असून. त्याचं उत्तर हे असं आलंय: ‘दादा, दोन मिनिटं वाजव. नाव गावासकट सांग.’

(कन्सोलकडं वळतो.) कवठेमहांकाळची हलगी. लावतो.